एक एकर पोराच्या हवाली



आज पिकाची नोंद नाही, जरा जुनी गोष्ट सांगतो. लांबण लागेल, पण सवडीनं वाचा.

जूनमध्ये आमच्या धाकट्यानं विहिरीजवळचं एक एकर मागितलं. कृषी पदविका करतोय, दुसऱ्या वर्षाला आहे. "अण्णा, मला एवढं वावर द्या, मका माझ्या पद्धतीनं करतो. बी, खत, अंतर सगळं मी ठरवणार." मी म्हटलं, आधी शिकून तर घे, मग बघू. तो गप्प बसला. घरात ही बोलली, "पाळी घालायला, पाणी द्यायला पोरगं मोठं, आणि वावर मागितलं की लहान?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. पेरणीच्या गडबडीत विषय मागं पडला.

पावसाळ्यात रिकामपणी अमेरिकेतल्या मका क्लबांचा इतिहास वाचत होतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा. वाचता वाचता माझंच उत्तर माझ्यासमोर आलं. म्हणून लिहितो.

सभेला कोणी येईना

इलिनॉय राज्यात मॅकूपिन नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडचा एखादा मोठा तालुका किंवा लहान जिल्हा धरा. तिथं विल ऑटवेल नावाचा माणूस शेतकरी मेळावे भरवायचा. तज्ज्ञ बोलवायचे, जाहिरात द्यायची, आणि शेतकरी यायचेच नाहीत. खुर्च्या रिकाम्या. हे दृश्य आपल्याला काही नवीन नाही. आपल्याकडं निदान चहा-नाश्त्याला तरी येतात.

ऑटवेलनं बापांचा नाद सोडला आणि 1899 च्या सुमारास पोरांना हाक दिली. चांगलं मक्याचं बियाणं मिळवलं आणि वर्तमानपत्रात छापलं: ज्या पोराला पाहिजे त्यानं नाव-पत्ता कळवा, बियाण्याची पुडी घरपोच पाठवतो, लावा, आणि हंगाम संपला की मेळाव्यात कणसं घेऊन या. जवळजवळ 500 पोरांनी नावं दिली. पुढचा मेळावा भरला तेव्हा पोरं कणसं घेऊन आली आणि पोरांच्या मागं त्यांचे बाप आले. जे बाप तज्ज्ञाचं भाषण ऐकायला आले नव्हते, ते आपल्या पोराच्या कणसाला नंबर मिळतो का बघायला आले. सभागृह भरलं.

तीनेक वर्षांनी ओहायोत ए. बी. ग्रॅहम या शाळा अधीक्षकानं वेगळ्या बाजूनं हेच केलं. 15 जानेवारी 1902 ला स्प्रिंगफिल्ड गावात कोर्टाच्या इमारतीच्या तळघरात त्यानं खेड्यातली मुलं-मुली जमवली. काम काय दिलं? आपापल्या शेतातली माती आणून लिटमस कागदानं तपासायची, निवडक मका लावायचा, भाजीपाला करायचा, आणि काय झालं ते लिहून ठेवायचं. आज ज्याला फोर-एच म्हणतात, त्या संघटनेचा जन्म बरेच जण या तळघरात मानतात. डोकं, मन, हात आणि आरोग्य या चार शब्दांची इंग्रजी आद्याक्षरं म्हणजे ते चार एच. चार पानांचं क्लोव्हर हे त्यांचं चिन्ह.

बोंडअळी नव्हे, बोंडभुंगा

पण या क्लबांनी खरा जोर धरला तो दक्षिणेत, कापसाच्या पट्ट्यात. आणि त्याला कारण झाली एक कीड.

आपण गुलाबी बोंडअळीनं पोळलेली माणसं. त्यांच्याकडं आला बोंडभुंगा, एक लहानसा सोंड्या किडा. मेक्सिकोतून 1892 च्या आसपास टेक्ससमध्ये शिरला आणि दरवर्षी पुढं सरकत गेला. फवारायला आज आहेत तशी औषधं नव्हती. शेतकरी वावरं सोडून जायला लागले. गावातले सावकार-दुकानदार हादरले, कारण सगळी उधारी कापसावर होती.

तेव्हा सरकारी कृषी खात्यानं सीमन नॅप नावाचा माणूस पाठवला. वय सत्तरीच्या उंबऱ्यावर. आधी सरकारी प्रात्यक्षिक फार्म काढून बघितले होते. लोक बघायचे आणि म्हणायचे, सरकारच्या पैशावर काय, काहीही पिकतं. नॅपला कळलं की प्रात्यक्षिक शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात, त्याच्याच हातानं झालं पाहिजे. 1903 मध्ये टेक्ससमधल्या टेरेल गावी वॉल्टर पोर्टर या शेतकऱ्याची 70 एकर घेतली. नुकसान झालंच तर भरून द्यायला गावातल्या लोकांनी फंड उभा केला. लवकर पेरणी, लवकर येणारं वाण, चांगली मशागत, योग्य अंतर. हंगामाअखेर पोर्टरनं सांगितलं, नेहमीच्या पद्धतीपेक्षा 700 डॉलर जास्त मिळाले. फंडाला हात लावायची वेळच आली नाही.

नॅपनं शेतकऱ्यांसाठी दहा नियम केले होते. खोल नांगरट, निवडक बी, पिकाची फेरपालट, द्विदल पिकं, जनावरं वगैरे. त्यातला एक नियम होता: प्रत्येक पिकाच्या खर्चाचा हिशोब ठेवा. हा नियम लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

हे सगळं होऊनही अडचण राहिलीच. दक्षिणेतला शेतकरी उधारीत बांधलेला. दुकानदार म्हणायचा कापूस लाव, तरच बी-खाणं उधार देतो. त्यामुळं कापसाशिवाय काही नाही, आणि खायला-चारायला लागणारा मका बाहेरून विकत. बापाला एकदम बदल म्हटलं तर तो बदलणार कसा? एक वर्ष चुकलं की घर गेलं.

पण एक एकर? एवढ्याचा धोका घेता येत होता.

मिसिसिपीतल्या होम्स काउंटीत डब्ल्यू. एच. स्मिथ नावाचा शाळा अधीक्षक होता. 1907 मध्ये त्यानं शाळेतल्या पोरांचा मका क्लब काढला. शंभरावर पोरं आली. नॅपच्या खात्यानं त्याला हाताशी धरलं, आणि तिथून कापूस पट्ट्यातल्या राज्याराज्यांत हे क्लब निघाले. 1910 पर्यंत 46 हजारांवर पोरांची नोंद झाली. तीन वर्षांत! तेही मोबाईल नसताना, रस्ते धड नसताना. शाळामास्तर आणि काउंटीचा कृषी एजंट या दोघांच्या जोरावर.

गुण कसे द्यायचे

आता मला सगळ्यात जास्त भिडलेली गोष्ट सांगतो. कृषीवाल्या मंडळींनी इथं जरा थांबून वाचावं.

नियम साधे होते. वय 10 ते 18. प्रत्येक पोराला घरच्या रानातलं एक एकर, आणि काम त्यानंच करायचं. नंबर काढायला शंभर गुण असे वाटलेले:

एकरी उत्पादन, 30 गुण.
खर्च वजा जाता नफा, 30 गुण.
निवडक दहा कणसांचा नमुना, 20 गुण.
पीक कसं घेतलं त्याची स्वतः लिहिलेली हकीकत, 20 गुण.

म्हणजे नुसत्या उत्पादनाला शंभरात तीसच. निम्मे गुण हिशोब आणि लिखाणाला. आणि हिशोब कसा धरायचा तेही ठरलेलं. जमीन बापाची असली तरी एकराला 5 डॉलर खंड खर्चात धरायचा. पोराची स्वतःची मेहनत तासाला 10 सेंट. घोड्याचं काम तासाला 5 सेंट. शेणखत घरचं असलं तरी त्याची किंमत लावायची.

बघा म्हणजे, बारा वर्षाचं पोरगं आपल्या घामाची किंमत वहीत लिहितंय. आपल्यातले किती जण हे करतात? मी तरी पन्नाशी ओलांडेपर्यंत घरच्या माणसांची मजुरी कधी खर्चात धरली नाही. बैल घरचे, शेणखत घरचं, माणसं घरची, म्हणून सगळं फुकट. मग वर्षाअखेरी म्हणायचं, पैसा जातो कुठं कळत नाही. उत्पादन खर्चावर हमीभाव मागताना आपण घरच्या मजुरीचा मुद्दा जोरात मांडतो, पण आपल्याच वहीत ती सापडत नाही.

1910 मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या जेरी मूर या पंधरा वर्षांच्या पोरानं एका एकरात 228 बुशेलच्या वर मका काढला. आपल्या हिशोबानं साधारण 58 क्विंटल. त्या वेळी अमेरिकेची सरासरी होती एकरी 25 ते 28 बुशेल, म्हणजे साडेसहा-सात क्विंटल. तेही संकरित बियाणं यायच्या आधीचं. आज संकरित वाण आणि ठिबक असून आपल्याकडं चांगल्या बागायतदाराला 35-40 मिळाले की तो फोटो टाकतो. मूरचं नाव देशभर गाजलं. पण त्यानं खत-शेणखत भरपूर ओतलं होतं आणि खर्चही तसाच मोठा होता. नुसत्या उत्पादनाला शंभर गुण ठेवले असते, तर सगळी पोरं खताची पोती ओतायलाच शिकली असती. नफ्याचे 30 गुण त्यासाठीच होते.

आणि बापाचं काय? तो बांधावर उभा राहून बघत होता. शेजारी त्याचा मका गुडघ्याएवढा, आणि पोराचा डोक्याच्या वर. तज्ज्ञाशी वाद घालता येतो. पोराच्या कणसाशी कसा घालणार?

चार गुंठे

पोरींचं काय, हा प्रश्न तेव्हाही आला. 1910 मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या एकेन काउंटीत मेरी क्रोमर या शिक्षिकेनं मुलींचा टोमॅटो क्लब काढला. एकर मुलींना कोण देणार, म्हणून एकराचा दहावा हिस्सा. म्हणजे बरोब्बर आपले चार गुंठे. टोमॅटो पिकवायचे, डब्यात भरून टिकवायचे, विकायचे आणि हिशोब ठेवायचा. पहिल्या वर्षी जिंकलेल्या केटी गंटर या मुलीनं आपल्या तुकड्यातून 512 डबे भरले. बक्षीस म्हणून तिला पुढच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळाली. आपण आज प्रक्रिया उद्योग, मूल्यवर्धन वगैरे शब्द वापरतो. त्या पोरी चार गुंठ्यांत तेच करत होत्या, आणि त्यातल्या कित्येकींच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा पैसा आला.

एकराचा कायदा झाला

क्लबांचं यश बघून सरकारनं दोन कायदे केले. 1914 चा स्मिथ-लिव्हर कायदा: कृषी महाविद्यालयातलं ज्ञान काउंटीत नेणारी कायमची विस्तार यंत्रणा, तिला केंद्र आणि राज्य दोघांचा पैसा. पोरांचे क्लब या यंत्रणेचा भाग झाले. मग 1917 चा स्मिथ-ह्यूज कायदा: माध्यमिक शाळांत शेती शिकवायला पैसा. या दुसऱ्या कायद्यात एक अट होती. शेती शिकणाऱ्या विद्यार्थ्यानं वर्षातले किमान सहा महिने देखरेखीखाली शेतात प्रत्यक्ष काम केलं पाहिजे, घरच्या नाहीतर दुसऱ्या रानात. म्हणजे एका एकराची कल्पना कायद्यात जाऊन बसली. शेतीचा मास्तर पोराच्या बांधावर जाऊन वही तपासायचा.

या शाळांतल्या पोरांची देशपातळीची संघटना 1928 मध्ये कॅन्सस सिटीत स्थापन झाली, फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका.

ज्यांच्याकडं एकरच नव्हतं

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण अर्धीच सांगितली तर खोटी ठरेल.

दक्षिणेतला काळा शेतकरी बहुतेक बटईनं कसणारा. जमीन दुसऱ्याची, अवजार दुसऱ्याचं, पीक निम्मं. त्याच्या पोरानं एक एकर कुठून आणायचं? टस्केगी या काळ्यांच्या संस्थेतून जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरच्या कल्पनेतली जेसप वॅगन 1906 मध्ये निघाली. घोडागाडीत अवजारं, बियाणं, दुधाची यंत्रं घालून ती फिरती शाळा थेट गरीब वस्त्यांत जायची. थॉमस कॅम्पबेल हा तिचा चालक, तोच त्या वर्षी सरकारचा पहिला काळा कृषी एजंट झाला. पण 1914 च्या कायद्याचा पैसा दक्षिणेत गोऱ्यांच्या महाविद्यालयांच्या हातातून गेला आणि काळ्यांच्या वाट्याला थोडा आला. क्लबही वेगळे राहिले. काळ्या विद्यार्थ्यांनी 1935 मध्ये टस्केगीत आपली वेगळी देशपातळीची संघटना उभी केली, न्यू फार्मर्स ऑफ अमेरिका. 1965 मध्ये ती मोठ्या संघटनेत विलीन झाली तेव्हा सभासद 50 हजारांच्या वर होते. विलीन म्हणजे काय, तर नाव यांचं गेलं, चिन्ह यांचं गेलं. आणि फ्यूचर फार्मर्सनं मुलींना देशपातळीवर सभासद करून घेतलं ते 1969 मध्ये, टोमॅटो क्लबानंतर जवळपास साठ वर्षांनी.

दुसरीही एक गोष्ट. या क्लबांनी गावं रिकामी व्हायची थांबवली का? नाही. 1910 ला अमेरिकेत शेतावर राहणारी माणसं तीन कोटींच्या वर होती, 1970 ला एक कोटीच्याही आत आली. यंत्रं आली, शेतं मोठी झाली, भाव पडले. क्लबात शिकलेलं पोरगंसुद्धा शहरात गेलं. शिक्षणानं सगळे प्रश्न सुटतात असं कोणी सांगत असेल तर त्याला हा आकडा दाखवा. पण जी टिकली त्यांना हिशोब येत होता, आणि जी गेली ती हिशोब करून गेली. आपल्याकडं पोरं हिशोब न करताच जातात, कारण हिशोब करायला त्यांच्या हातात काही दिलेलंच नसतं.

आपल्याकडं काय आलं, काय राहिलं

आपली कृषी विद्यापीठं अमेरिकेतल्या लँड-ग्रँट विद्यापीठांच्या धर्तीवर निघाली: शिक्षण, संशोधन, विस्तार एका छताखाली. राहुरी 1968, अकोला 1969, मग 1972 मध्ये परभणी आणि दापोली. 1974 मध्ये पुद्दुचेरीला देशातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र झालं, करून शिकणे हे त्याचं तत्त्व. आज जिल्ह्याजिल्ह्यांत केंद्रं आहेत. 1982 पासून नाबार्डच्या पुढाकारानं शेतकरी मंडळं निघाली. कृषी पदवीची पोरं शेवटच्या वर्षी कार्यानुभवाला गावात येतात, माती परीक्षण, बीजप्रक्रिया दाखवतात. हे सगळं चांगलं आहे, मी त्यातून बरंच शिकलोय.

पण जरा बघा. यंत्रणा आली, विद्यापीठ आलं, केंद्र आलं. पोराच्या हातातलं एकर आणि त्याची वही मात्र वाटेतच राहिली. आपल्याकडं शेतीचं शिक्षण एक तर महाविद्यालयाच्या प्लॉटवर होतं, नाहीतर बापाच्या वावरात बापाच्या हुकमानं. कार्यानुभवाचं पोरगं दुसऱ्याच्या गावात प्रात्यक्षिक दाखवतं आणि सुट्टीत घरी आलं की बाप म्हणतो, तुला काय कळतंय. सातबारा बापाच्या नाहीतर आजाच्या नावावर, आणि निर्णयही त्यांचाच. तिशी उलटते तरी पोरगं "शेतीला मदत करतं". तेवढ्या पोराला कोणी शेतकरी म्हणत नाही, म्हणून लग्न जमत नाही, म्हणून ते बारा हजाराच्या नोकरीला जातं.

आपली पीक स्पर्धाही घ्या. तालुका, जिल्हा, राज्य अशी होते, चांगली गोष्ट आहे. पण नंबर ठरतो हेक्टरी उत्पादनावर. क्विंटलमागं खर्च किती आला, हे सांगणारा कागद त्या नंबरात कुठं दिसत नाही. मका क्लबात 1910 च्या सुमारास जे 30 गुण होते, तेवढे जरी नफ्याला ठेवले, तर कदाचित वेगळीच माणसं फेटा बांधून स्टेजवर दिसतील. कृषी खात्यातली जी मंडळी हे पान वाचतात, त्यांनी विचार करावा. खर्च काही येत नाही यात.

आता घरचं

दसऱ्याला धाकट्याला विहिरीजवळचं एकर दिलं. रब्बी मका. अटी आम्ही दोघांनी बसून लिहिल्या.

बी, खत, अंतर, फवारणी त्यानं ठरवायची. विचारलं तरच मी सांगायचं. लष्करी अळी दिसली तरी मी पंप उचलायचा नाही. (ही अट त्याची. मला सगळ्यात जड जाणार.) गावात खंडाचा जो दर चालतो तो खर्चात धरायचा. त्याची, आईची, माझी मजुरी चालू रोजानं लिहायची. ट्रॅक्टर घरचा असला तरी भाड्याच्या दरानं. शेणखताची ट्रॉली विकतच्या भावानं. वीज आणि पाणी अंदाजानं का होईना, पण मांडायचं. वही दर अमावस्येला सगळ्यांसमोर वाचायची. नफा झाला तर त्याचा. तोटा झाला तर माझा, पहिलं वर्ष आहे म्हणून. टेरेलच्या लोकांनी पोर्टरला फंड दिला होता ना, तसं समजा.

अटी लिहून झाल्यावर थोरली, बारावीला आहे, म्हणाली, "आणि माझे चार गुंठे?" तिला मी ही सगळी गोष्ट वाचून दाखवली होती, ती चूक झाली म्हणा! घरामागचा तुकडा तिनं टोमॅटो-मिरचीला घेतलाय. तिची वही वेगळी.

मका पेरून आज अकरा दिवस झाले. उगवण चांगली आहे, दोन-तीन ठिकाणी नांग्या भरायला लागतील. मी अजून तोंड उघडलेलं नाही. पहिली वही येत्या अमावस्येला. आकडे जसे असतील तसे इथं टाकीन, नफा असो की तोटा.

तुमच्यापैकी कोणी पोराला किंवा पोरीला असं वावर मोकळं सोडलंय का? किती गुंठे, कोणतं पीक, आणि हिशोब ठेवला का? खाली लिहा. आणि सोडलं नसेल तर का नाही, तेही लिहा. मीही जूनपर्यंत त्यातलाच होतो.